नाव एकीकडे, हात दुसरीकडे: प्रबोधनकाळातील अल्पपरिचित व्यक्तिचित्रकाराचा शोध कसा घ्यावा

लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात १५५० सालचे एक विलक्षण व्यक्तिचित्र आहे. खवळलेल्या समुद्रात कमरेइतक्या पाण्यात एक उघडा पुरुष उभा आहे. त्याने आवळलेली मूठ वर उचलली आहे, मागे वादळात सापडलेले जहाज आहे आणि ढगांतून डोकावणारी शांतिदेवता त्याच्या उचललेल्या हाताला स्पर्श करते आहे. शेजारच्या खडकावर इंग्रजी कवितेच्या दोन ओळी कोरल्यासारख्या रंगवल्या आहेत. संतापलेल्या समुद्रातील खडकापेक्षाही स्थिर असलेले मन कोणत्याच संकटाला भीत नाही, असा त्यांचा आशय आहे. हा पुरुष म्हणजे स्कॉटलंडच्या मोहिमांत लढलेला सर जॉन लट्रेल. तो कोण, हे कळते. पण त्याला रंगवले कोणी, हे सांगणारी खूण एवढीच आहे: एच आणि ई ही दोन रोमन अक्षरे.

या दोन अक्षरांचा अर्थ लावताना अभ्यासक सुमारे दोनशे वर्षे चुकले. अठराव्या शतकात जॉर्ज व्हर्च्यू या कलाभ्यासकाने ती लुकास द हीरे या चित्रकाराची मानली आणि पुढच्या पिढ्यांनी तेच गिरवले. १९१३ मध्ये लायोनेल कस्ट यांनी हान्स इवर्थ हे नाव पुढे आणले, तेव्हा कुठे या चित्रकाराला स्वतःचे चरित्र मिळाले. अँटवर्पहून लंडनला आलेला आणि इंग्लंडच्या राणी मेरीला रंगवणारा हा माणूस आज हान्स होल्बाइन या इंग्रज दरबारच्या नामवंत चित्रकाराच्या तुलनेत फारच थोड्यांना माहीत आहे. अशा चित्रकाराचा शोध घ्यायचा झाला तर कामाचा क्रम काय ठेवावा, हे इवर्थचेच उदाहरण हाताशी धरून पुढे मांडले आहे. यातले बरेचसे काम पुण्यात किंवा नागपुरात बसून, संगणकावर आणि चिकाटीने करता येते.

आधी दोन वह्या घालाव्यात

प्रबोधनकाळातील चित्रकाराबद्दलचा पुरावा दोन वेगळ्या ढिगांत सापडतो. एका ढिगात कागद असतात: कारागिरांच्या व्यावसायिक संघांच्या नोंदवह्या, कराच्या याद्या, हिशेब, मृत्युपत्रे, जुन्या संग्रहांच्या याद्या. त्यांत नावे असतात, पण चित्रे नसतात. दुसऱ्या ढिगात चित्रे असतात. त्यांत एक हात दिसतो, एक सवय दिसते, पण बहुधा नाव नसते. संशोधनातल्या बहुतेक चुका या दोन ढिगांची गाठ घाईने मारल्यामुळे होतात. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात. संगणकावर काम करत असाल तर दोन तक्ते. एकीत फक्त कागदोपत्री नोंदी, तारखेच्या क्रमाने. दुसरीत फक्त चित्रे: प्रत्येकाचे माप, ते लाकडी फलकावर आहे की कापडावर, त्यावरचा मजकूर जसाच्या तसा, आज ते कोठे आहे आणि ते कोणाचे आहे असे कोण म्हणते.

तिसरी वही गाठींची. कागदातील अमुक नाव आणि चित्रातील अमुक हात एकच आहेत, असे ज्या पुराव्याने म्हणता येते तो पुरावा आणि तो प्रथम मांडणाऱ्याचे नाव व वर्ष तिच्यात लिहावे. ही वही बराच काळ जवळजवळ कोरी राहते. ती भरायची घाई करू नये.

नावाची सगळी रूपे जमवावीत

जुने मोडी कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना एकाच माणसाचे नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेले पाहण्याची सवय असते. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर होता, कारण परदेशी माणसाचे नाव कारकून कानाला जसे लागेल तसे उतरवत असे. अँटवर्पच्या सेंट ल्यूक या चित्रकारांच्या संघाच्या नोंदवहीत १५४० साली यान एवाउट्स नावाचा चित्रकार उस्ताद म्हणून दाखल होतो. हान्स आणि यान ही दोन्ही योहानेस या एकाच नावाची घरगुती रूपे असल्यामुळे इंग्रज कारकून त्याला कधी हॉन्स म्हणतो, कधी जॉन. आडनावाची इवर्थ, इवट्स, एवाउट्स अशी अनेक रूपे आढळतात आणि एलिझाबेथच्या दरबारी करमणूक विभागाच्या हिशेबांत तर तो हॉन्स ईओट्स झालेला असतो.

यासाठी एका कागदावर नावाची सर्व संभाव्य रोमन रूपे लिहून काढावीत. आरंभीच्या ई या अक्षराला वाय जोडून पाहावे, मधल्या डब्ल्यूच्या जागी यू, व्ही किंवा दोनदा यू घालून पाहावे, शेवटी टी-एच, टी-ई-एस, टी-टी-ई-एस असे पर्याय द्यावेत. मग प्रत्येक रूपाने वेगळा शोध घ्यावा. छापील ग्रंथांच्या संगणकीय प्रतींत यंत्राने केलेले अक्षरवाचन जुन्या टंकामुळे वारंवार चुकते, म्हणून शोधपेटीत काही सापडले नाही तर अनुक्रमणिका स्वतः डोळ्यांनी चाळावी. कंटाळवाणे असले तरी हे काम टाळू नये.

उलटा धोकाही लक्षात ठेवावा. लंडनमध्ये हान्स नावाचे परदेशी कारागीर पुष्कळ होते, आणि खुद्द होल्बाइनचे पाळण्यातले नावही हान्सच. जुन्या यादीत नुसते ‘हॉन्सने केलेले’ असे आले तर ते इवर्थच्या खाती जमा करता येत नाही. त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह घालून ती वेगळी ठेवावी.

तारखा बदलून घ्याव्यात, पण मूळ तारीख खोडू नये

शके आणि इसवी यांचा मेळ घालणाऱ्या मराठी वाचकाला ही पायरी जड जाणार नाही. शक वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून पौष-माघातल्या तारखेत ७८ऐवजी ७९ मिळवावे लागतात, हे आपल्याला ठाऊक असते. इंग्लंडमध्येही १७५२पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस यांची कागदावरची सालसंख्या आजच्या हिशेबापेक्षा एकाने मागे असते. इवर्थने १५६२ साली नॉरफोकची डचेस मार्गारेट ऑडली हिला रंगवले. तिचा मृत्यू आपल्या गणनेने जानेवारी १५६४ मधला, पण त्या काळचा इंग्रज कारकून तो जानेवारी १५६३ असाच लिहिणार. अँटवर्पच्या कागदांत वर्ष ईस्टरच्या सुमारास बदलत असे, म्हणून तिथला गोंधळ आणखी वेगळा. वहीत प्रत्येक नोंदीपुढे कागदावरची तारीख आणि बदललेली तारीख अशा दोन्ही लिहाव्यात, कारण तुमच्या आधीच्या लेखकाने ती बदलून दिली आहे की जशीच्या तशी, हे वर्षभराने आठवत नाही.

कागदांकडे कसे जावे

हस्तलिखितांकडे थेट धाव घेऊ नये. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील अभ्यासकांनी असंख्य दप्तरे अक्षरशः उतरवून छापली आणि त्यांतली बरीचशी आता इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात. अँटवर्पच्या संघाच्या नोंदवह्या अशाच छापलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये स्थायिक होण्याची परवानगी मिळालेल्या परदेशीयांच्या याद्या, लंडनमधल्या परकीय रहिवाशांच्या कराच्या याद्या, दरबारी करमणूक विभागाचे हिशेब हेही सगळे छापील स्वरूपात आहे. इंग्लंडमधील चित्रकलेवर काम करणाऱ्याने ब्रिटिश कलेच्या इतिहासाला वाहिलेल्या वॉलपोल सोसायटीचे वार्षिक खंड तर ओळीने चाळावेत, कारण कस्ट यांचा इवर्थवरचा लेख, व्हर्च्यूची टिपणे आणि लॉर्ड लमली यांच्या संग्रहाची यादी हे तिन्ही त्याच मालिकेत आले आहेत.

या क्रमाने गेल्यास इवर्थच्या आयुष्याचा सांगाडा उभा राहतो. १५४० मध्ये अँटवर्पच्या संघात प्रवेश. १५४४ मध्ये पाखंडी मतांच्या आरोपावरून तिथून हद्दपारी. १५४९पर्यंत लंडनमध्ये, थेम्सच्या दक्षिणेकडील सदर्कमध्ये वास्तव्य. १५५० मध्ये रहिवासाचे हक्क. त्यानंतर १५५० आणि १५६०च्या दशकांत सही-तारखेची व्यक्तिचित्रे, आणि १५७०च्या दशकाच्या आरंभी दरबारी करमणुकीसाठी नमुने काढल्याचे पैसे. यात त्याच्या जन्माचे वर्ष नाही, गुरूचे नाव नाही, त्याच्या हातचे एकही पत्र नाही. ज्या चित्रकाराबद्दल याहून अधिक भरघोस चरित्र एखाद्या जुन्या कोशात वाचायला मिळते, त्याचे प्रत्येक वाक्य कोणत्या कागदावर उभे आहे हे मागे मागे जाऊन पाहावे. अनेकदा तीन कोशांतली तीन वाक्ये एकाच जुन्या अंदाजापर्यंत जाऊन थांबतात, आणि त्या अंदाजाच्या मागे काहीच नसते.

छापील उतारा पुरेसा नसेल तेव्हा मूळ कागदाची छायाचित्रे मागवता येतात. त्या काळचे इंग्रजी वळण वाचणे सुरुवातीला अशक्य वाटते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यासाठी विनामूल्य धडे संकेतस्थळावर ठेवले आहेत. मोडी शिकताना जसे आधी ओळखीच्या मायन्यावर डोळा बसवतात, तसे इथेही आधी छापील उतारा शेजारी ठेवून मूळ पान वाचावे. एका महिन्यात अक्षर बऱ्यापैकी सुटू लागते. लॅटिनची फार भीती बाळगू नये. चित्रांवर येणारे लॅटिन म्हणजे वयाचे, वर्षाचे आणि ‘याने रंगवले’ या अर्थाचे मोजके शब्द असतात.

लमलीच्या यादीबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण इवर्थच्या शोधातली सर्वांत महत्त्वाची गाठ तिथे मारली गेली. जॉन, लॉर्ड लमली हा एलिझाबेथकालीन मोठा संग्राहक. १५९० मध्ये त्याच्या संग्रहाची यादी तयार झाली आणि तिच्यात काही चित्रांपुढे चित्रकाराचे नाव दिले आहे, जे त्या काळच्या याद्यांत क्वचितच आढळते. एका डच जवाहिऱ्याचे आणि स्कॉटलंडमधल्या मसलबराच्या लढाईत पडलेल्या एडवर्ड शेली याचे चित्र ‘हॉन्स इवर्थ’ने काढल्याचे तीत म्हटले आहे. जवाहिऱ्याला तर त्याचा भाऊ म्हटले आहे. चित्रकाराच्या हयातीनंतर लवकरच, त्याच वर्तुळात वावरलेल्या माणसाच्या घरात लिहिलेला हा कागद आहे. कस्ट यांनी एच-ई ही अक्षरे या नावाशी जोडली. ही जोड का टिकली, हेही समजून घ्यावे: नावाची आद्याक्षरे जुळतात, माणूस लंडनमध्ये योग्य वर्षांत हजर आहे, तो व्यक्तिचित्रेच काढत होता आणि त्याचे गिऱ्हाईक त्याच उमरावी वर्तुळातले आहे. नुसती अक्षरे जुळणे पुरेसे नव्हते. तशी ती लुकास द हीरेच्या आडनावाशीही जुळत होती. पण द हीरे १५३४ साली गेंटमध्ये जन्मला आणि इंग्लंडला आला तो १५६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे लट्रेलचे चित्र त्याने सोळाव्या वर्षी, समुद्रापलीकडे बसून काढले असे मानावे लागते. जन्मवर्ष आणि चित्रावरचे वर्ष यांची ही साधी वजाबाकी प्रत्येक आरोपित चित्रकारासाठी सर्वांत आधी करून पाहावी.

चित्रे जमवताना चुकीच्या नावांखालीही शोधावे

हेगच्या डच कलेतिहास संस्थेची विनामूल्य माहितीसूची ही नेदरलंड्सच्या चित्रकारांसाठी पहिली जागा. ब्रिटनमधील सार्वजनिक मालकीच्या चित्रांसाठी आर्ट यूके हे संकेतस्थळ. विक्रीच्या जुन्या सूचींसाठी गेटी संस्थेची मालकी-इतिहासाची सूची. लंडनला जाणे शक्य असेल तर कोर्टोल्डचा विट छायाचित्रसंग्रह आणि राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहालयाचे हाइन्झ अभिलेखागार येथे चित्रकारांनुसार आणि चित्रित व्यक्तींनुसार लावलेल्या पेट्या उघडून पाहाव्यात. तिथल्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर पूर्वीच्या अभ्यासकांनी पेन्सिलीने लिहिलेली मते सापडतात. सफाईपूर्वीची चित्रांची स्थितीही त्यांतच दिसते, आणि ती इतरत्र कुठे पाहायला मिळत नाही.

शोध केवळ तुमच्या चित्रकाराच्या नावाने घेतला तर निम्मे साहित्य सुटते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ट्यूडरकालीन चांगल्या चित्राला होल्बाइनचे नाव देण्याची रीतच होती. होल्बाइन १५४३ मध्ये वारला हे चित्रावरच्या १५५५च्या तारखेकडे पाहूनही कोणाला खटकत नसे. म्हणून होल्बाइन, द हीरे, अंटोनिस मोर, तसेच ‘अज्ञात इंग्रज चित्रकार’ आणि ‘अँग्लो-फ्लेमिश शैली’ या सगळ्या नावांखाली १५४५ ते १५७५ या काळातली चित्रे चाळावीत.

यातून आधी गाभा निवडावा. सही आहे, तारीख आहे, मालकीचा इतिहास बराच मागे जातो आणि रंगाची स्थिती चांगली आहे, अशीच चित्रे गाभ्यात घ्यावीत. इवर्थसाठी लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वरीजकडील राणी मेरीचे १५५४चे चित्र, लट्रेलचे चित्र आणि डेकर घराण्याचे १५५९चे जोडचित्र यांपासून सुरुवात करता येते. बाकीची चित्रे या गाभ्याशी ताडून पाहायची असतात, एकमेकांशी नव्हे. संशयित चित्राची तुलना दुसऱ्या संशयित चित्राशी केली की हळूहळू गटच घसरत जातो आणि शेवटी गाभ्याशी काहीच साम्य नसलेली चित्रेही त्यात येऊन बसतात.

तुलना करताना चेहऱ्याच्या एकूण भावापेक्षा बारीक, सवयीच्या जागा पाहाव्यात: पापणीची कडा, कानाची पाळी, नखे, मोत्यावरच्या उजेडाचा ठिपका, सोन्याच्या कशिद्याचे फटकारे, सालाच्या आकड्यांचे वळण. मात्र चेहरा हुबेहूब जुळला म्हणजे हात एक, असे समजू नये. राजघराण्यातील व्यक्तीची बैठक चित्रकाराला वारंवार मिळत नसे. एकदा काढलेल्या चेहऱ्याचा नमुना जपून त्यावरून लहानमोठ्या प्रती केल्या जात, आणि तो नमुना दुसऱ्याच्या हाती गेला तर दुसराही त्यावरून काम करी.

सहीवरही आंधळा विश्वास नको. ब्रिटनच्या शाही संग्रहात एलिझाबेथ राणी आणि तीन देवता हे १५६९चे प्रसिद्ध चित्र आहे. त्यावर एच-ई ही अक्षरे आहेत, तरीही ते इवर्थचे की योरिस हुफनागेलचे, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. अशा चित्राला वहीत स्वतंत्र पान द्यावे आणि दोन्ही बाजू लिहाव्यात. जे चित्र तुम्हाला आवडते त्याच्या बाजूने झुकण्याचा मोह फार बळकट असतो.

चित्रावरचा मजकूर, वय, कुलचिन्ह आणि अंगठी

संशोधनातला सर्वांत रसाळ भाग हा आहे, आणि इथे घाई सर्वांत महाग पडते. चित्रावरचे प्रत्येक अक्षर हे कोणीतरी, कधीतरी केलेले विधान असते. ते चित्रकाराने केले की शंभर वर्षांनंतरच्या मालकाने, हे आधी ठरवावे. लॉर्ड लमलीने आपल्या कित्येक चित्रांवर कागदाच्या चिठ्ठीसारखे दिसणारे नामफलक नंतर रंगवून घेतले होते. ते मालकी सिद्ध करायला उत्तम, पण चित्रकाराचे शब्द म्हणून घेता येत नाहीत. उत्तरकालीन अक्षरे अनेकदा जुन्या रंगाला पडलेल्या भेगांच्या वरून गेलेली असतात. मोठ्या छायाचित्रात ते दिसू शकते.

डेकर जोडचित्राचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्रसंग्रहालयातील या चित्रात काळ्या वेशातली भरदार प्रौढ स्त्री आणि तिच्या शेजारी कोवळ्या चेहऱ्याचा एक तरुण आहे. त्यावर १५५९ हे वर्ष रोमन आकड्यांत आहे, स्त्रीच्या बाजूला वय ३६ आणि तरुणाच्या बाजूला २१. व्हर्च्यूने अठराव्या शतकात ही जोडी म्हणजे सफकची डचेस फ्रान्सेस ब्रँडन आणि तिचा दुसरा नवरा एड्रियन स्टोक्स असे ठरवले, आणि उमरावाच्या विधवेने पोरसवदा नवरा केला या चटकदार कथेमुळे ते सर्वत्र छापले गेले. पण फ्रान्सेस १५१७ सालची आणि स्टोक्स १५१९चा. १५५९ मध्ये तिचे वय ४२च्या घरात आणि त्याचे ४०, म्हणजे दोघांपैकी एकाचेही चित्रावरच्या आकड्यांशी जुळत नाही. हिशेब एवढाच होता, तरी तो पुष्कळ वर्षे कोणी गंभीरपणे घेतला नाही.

खरे उत्तर ओटावाच्या चित्रातून आले. कॅनडाच्या राष्ट्रीय कलासंग्रहात इवर्थने काढलेले लेडी डेकर मेरी नेव्हिल हिचे चित्र आहे. ती हाती लेखणी घेऊन बसली आहे आणि तिच्या मागे भिंतीवर तिचा पती थॉमस फाइन्स याचे चित्र लावलेले आहे. एका शिकार-राखणदाराच्या खुनाबद्दल १५४१ मध्ये त्याला फाशी झाली आणि घराण्याची मालमत्ता व मान जप्त झाला; १५५८ मध्ये मुलांना तो परत मिळाला. या दोन्ही चित्रांतल्या स्त्रीच्या डाव्या हाताकडे नीट पाहिले की त्याच जागी तीच अंगठी दिसते. मग वये मोजावीत: मेरी नेव्हिल सुमारे १५२४ची, आणि तिचा मुलगा ग्रेगरी १५३९चा. १५५९ मध्ये त्याला विसावे सरून एकविसावे लागलेले. लॅटिन सूत्राचा अर्थ ‘वयाच्या एकविसाव्या वर्षात’ असाच असतो, आपण घरात ‘एकविसावे चालू आहे’ म्हणतो तसा. पूर्ण झालेली वर्षे समजून वजाबाकी केली तर एका वर्षाची चूक होते आणि खरी ओळख हातची निसटते. चटकदार नवरा-बायको गेले आणि घराण्याचा मान परत मिळाल्यानंतर लगेच एकत्र रंगवून घेणारी आई आणि मुलगा उरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही ओळख मान्य झाली.

कुलचिन्हांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी. लंडनच्या टेट संग्रहालयातील इवर्थच्या एका अनोळखी स्त्रीच्या चित्रावर कम्बरलंडचा अर्ल आणि त्याची पत्नी एलेनॉर ब्रँडन यांचे संयुक्त कुलचिन्ह आहे. एलेनॉर १५४७ मध्ये वारली, आणि चित्रातील पोशाख १५६०च्या दशकाच्या मध्याचा आहे. म्हणजे चिन्ह नंतर कोणीतरी, घराण्यातल्या नामवंत स्त्रीचे चित्र आपल्याकडे असावे या इच्छेने चढवले. गळपट्टीची उंची, बाहीचा फुगवटा, डोक्यावरच्या टोपीचा आकार यांवरून पोशाख पाच-दहा वर्षांच्या अंतराने ओळखता येतो. त्यासाठी तारीख पक्की असलेल्या शंभरेक चित्रांच्या बाह्या आणि गळपट्ट्या सालवार लावून स्वतःचा तक्ता करावा. ग्रंथांतले वर्णन वाचण्यापेक्षा हा तक्ता फार लवकर डोळा तयार करतो.

मालकीची साखळी मागून पुढे नव्हे, पुढून मागे

आजच्या मालकापासून सुरू करून एकेक पायरी मागे जावे: कोणाकडून घेतले, कोणत्या लिलावात, त्याआधी कोणत्या घरात. फलकाची मागची बाजू पाहायला मिळाली तर सोडू नये. लिलावगृहांचे छापील क्रमांक, जुन्या मालकांच्या लाखेच्या मोहरा, चिकटवलेले कागद हे तिथेच असतात. संग्रहालयाला नम्रपणे, नेमका प्रश्न विचारून लिहिल्यास मागच्या बाजूचे छायाचित्र बहुधा मिळते. ‘तुमच्याकडील सर्व माहिती पाठवा’ असे लिहिले तर मात्र उत्तर येण्याची शक्यता कमी.

जुन्या प्रतींकडेही दुर्लक्ष करू नये. लट्रेलच्या मूळ चित्राची हानी झालेली आहे. त्याच कुटुंबाने १५९१ मध्ये करून घेतलेली प्रत डन्स्टर कॅसलमध्ये आहे, आणि मूळ चित्रात आता अस्पष्ट झालेला ढगांतला रूपकाचा भाग तिच्यावरूनच नीट वाचता येतो.

प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचावा

ट्यूडरकालीन चित्रांचे फलक बहुधा बाल्टिक प्रदेशातून आलेल्या ओकचे असतात. लाकडातील वाढीची वलये मोजून शेवटच्या वलयाचे वर्ष ठरवता येते. हे वर्ष फक्त सर्वांत आधीची मर्यादा देते: झाड त्याआधी तोडलेले असू शकत नाही. बाहेरचे कोवळे लाकूड सुतार काढून टाकत, म्हणून त्या वर्षात आणखी काही वर्षे मिळवावी लागतात. शेवटचे वलय १५८०चे निघाले तर ते चित्र १५६०चे नाही हे पक्के. पण १५४० निघाले म्हणून ते १५५०चेच आहे असे होत नाही, कारण लाकूड वखारीत पडून राहू शकते.

अवरक्त किरणांत कोळशाचे किंवा कार्बन असलेल्या शाईचे खालचे रेखाटन दिसते, आणि नमुन्यावरून उतरवलेली रेघ व हाताने शोधत काढलेली रेघ यांतला फरक कळतो. क्ष-किरणांत शिशाचा पांढरा रंग ठळक उठतो, त्यामुळे मनात आलेले बदल उघडे पडतात. चित्रकाराने हाताची जागा बदलली असेल तर ते चित्र प्रत नसण्याची शक्यता वाढते. या सर्व चाचण्या ‘हे चित्र अमक्याचे नाही’ हे फार चांगले सांगतात. ‘अमक्याचेच आहे’ हे मात्र त्या एकट्याने सांगू शकत नाहीत.

श्रेय देताना शब्द तोलावेत

लिलावाच्या सूचींत शब्दांना ठरलेले वजन असते. चित्रकाराचे नाव सरळ दिले तर ते त्याचेच मानले आहे. ‘श्रेय दिलेले’ म्हणजे शक्यता आहे, खात्री नाही. ‘वर्तुळातील’ म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या दुसऱ्या हाताचे. ‘अनुयायी’ म्हणजे त्याच्या पद्धतीने काम करणारा, कदाचित नंतरचा. ‘त्याच्या शैलीत’ म्हणजे बराच नंतरचा, आणि ‘त्याच्यावरून’ म्हणजे ओळखीच्या चित्राची प्रत. मराठीत लिहिताना हे सहाही दर्जे वेगळ्या शब्दांत ठेवावेत आणि लेखाच्या आरंभी त्यांचा अर्थ सांगावा, नाहीतर सगळ्यांचे भाषांतर ‘इवर्थचे चित्र’ असे होऊन बसते.

प्रत्येक चित्राची नोंद लिहिताना क्रम असा ठेवावा: चित्रावर प्रत्यक्ष काय दिसते, त्यातले मूळचे काय आणि नंतरचे काय, कागद काय सांगतात, पूर्वी कोणी काय म्हटले आणि तुम्हाला काय वाटते. स्वतःचे मत शेवटी, स्वतःच्या नावाने आणि कारणासह. बाद केलेल्या चित्रांची यादीही द्यावी आणि ती का बाद केली हे लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला त्याच वाटेने पुन्हा चालावे लागत नाही.

चरित्र सर्वांत शेवटी लिहायला घ्यावे, आणि ते कागद जिथे सुरू होतो तिथेच सुरू करावे. इवर्थच्या बाबतीत पहिले वाक्य अँटवर्पच्या संघाच्या वहीतल्या १५४०च्या नोंदीचे. त्याचे बालपण, त्याचे शिक्षण, लंडनला पोचल्यावरची पहिली वर्षे यांसाठी कल्पनेने एकही ओळ भरू नये. त्या जागी लट्रेलच्या खडकावरची दोन ओळींची कविता, लेडी डेकरची लेखणी आणि तिच्या बोटातली अंगठी यांचे वर्णन जितके बारकाईने करता येईल तितके करावे, कारण त्या त्याने प्रत्यक्ष पाहून रंगवलेल्या गोष्टी आहेत.